एक खूण, एकच अर्थ

आज हिशेबाबद्दल बोलायचे आहे, पण आकड्यांबद्दल नाही. कॉम्प्युटरवर हिशेब कसा ठेवायचा हे ज्या पुस्तिकेत लिहिलेले असते, ती पुस्तिका कशी लिहितात, याबद्दल बोलायचे आहे. विषय कोरडा वाटेल. पण शेवटपर्यंत ऐका, कारण यात आपल्या गटाचे पैसे गुंतलेले आहेत.

आमचे काम बचत गटांबरोबर आहे. रोजकीर्द, कर्ज नोंदवही, सभासदांची पासबुके बघण्यात आमचा महिना जातो. आता बरेच गट वहीबरोबर कॉम्प्युटरवरही हिशेब ठेवतात. तिथे एक गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा दिसते. कॉम्प्युटर गटाचा, पैसे सगळ्यांचे, पण तो चालवणारी एकच मुलगी. तिला सगळे तोंडपाठ. मग तिचे लग्न ठरते, किंवा तिला तालुक्याला नोकरी लागते. ती जाते आणि तिच्याबरोबर हिशेबाची रीतही जाते. मागे राहतात तीन सारख्या नावांच्या फाइली. त्यांतली खरी कोणती, हे कोणालाच सांगता येत नाही. बँकेला कर्जासाठी हिशेब हवा असतो, आणि गट मुलीला फोन लावत बसतो.

यावर उपाय एकच, लिहून ठेवणे. पण कसे लिहायचे? घाईघाईने चार ओळी खरडल्या तर त्या लिहिणारीलाच समजतात. हा प्रश्न आपल्याच गावात आहे असे नाही. जगभर मुक्त सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांपुढे तो कित्येक वर्षांपासून आहे, आणि त्यांनी त्यावर काही साधे संकेत ठरवले आहेत. ते आज समजून घेऊ. रेडिओवर चिन्हे दाखवता येत नाहीत, म्हणून ती शब्दांत सांगू. मासिकात वाचणाऱ्यांना ती कंसात दिसतील.

मुक्त म्हणजे काय?

लिब्रेऑफिस हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. पत्र लिहायला त्यात रायटर आहे, हिशेबाच्या तक्त्याला कॅल्क आहे. ते विकत घ्यावे लागत नाही. २०१० साली ओपनऑफिस या आधीच्या सॉफ्टवेअरपासून ते वेगळे झाले. आज द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था ते सांभाळते. अशा सॉफ्टवेअरला ओपन सोर्स म्हणतात, आपण मुक्त म्हणू. मुक्त म्हणजे नुसते फुकट नव्हे. ते वापरायची, आतून कसे चालते ते बघायची, गरजेप्रमाणे बदलायची आणि दुसऱ्याला द्यायची, अशी चारही बाजूंनी मोकळीक.

ही चळवळ १९८० च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी उभी केली. त्यांचे एक म्हणणे आपल्या विषयाला लागू पडते. सॉफ्टवेअर मुक्त असून भागत नाही, त्याची पुस्तिकाही मुक्त हवी. सॉफ्टवेअर बदलले आणि पुस्तिका बदलायची परवानगी नसली, तर ती पुस्तिका खोटी ठरते. म्हणून २००० साली खास पुस्तिकांसाठी एक मुक्त परवाना काढण्यात आला. लिब्रेऑफिसच्या पुस्तिकाही अशाच मोकळ्या परवान्यांखाली असतात. म्हणजे मूळ लिहिणाऱ्यांचे श्रेय देऊन आणि परवान्याच्या अटी पाळून त्या मराठीत आणायची, आपल्या गटापुरत्या बदलून घ्यायची मुभा आपल्याला आहे. कोणाच्या पाया पडावे लागत नाही.

आता अडचण बघा. या पुस्तिका पगारी माणसांच्या एका कचेरीत लिहिल्या जात नाहीत. एक धडा एका देशातली बाई लिहिते, दुसरा दुसऱ्या देशातला निवृत्त शिक्षक लिहितो, तिसरा कोणी तरी तपासतो. एकमेकांची तोंडेही त्यांनी पाहिलेली नसतात. तरी वाचणाऱ्याला पुस्तक एका हाताने लिहिल्यासारखे वाटले पाहिजे.

आपली रोजकीर्द आठवा. जमा डावीकडे, खर्च उजवीकडे. लिहिणारी सचिव बदलली, गट बदलला, तालुका बदलला, तरी बाजू बदलत नाहीत. म्हणून तपासायला आलेली बाई परकी असली तरी वही वाचू शकते. पुस्तिकेतल्या मांडणीचे संकेत हेच काम करतात. ते शोभेसाठी नसतात. एका खुणेचा एकच अर्थ, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, असा तो शब्द दिलेला असतो.

१९७१ ची एक पुस्तिका

या संकेतांचे मूळ जुने आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन केंद्रात केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची प्रणाली तयार केली. तिच्या पुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. युनिक्स तेव्हा मुक्त नव्हते. पण त्या पुस्तिकेची घडण पुढे लिनक्ससारख्या मुक्त प्रणालींनी उचलली, आणि ती आजही चालते.

त्या पुस्तिकेत प्रत्येक आज्ञेला, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या प्रत्येक हुकमाला, स्वतंत्र मजकूर होता आणि त्याचा क्रम ठरलेला होता. आधी नाव. मग ती आज्ञा कशी लिहायची. मग ती काय करते. मग कोणत्या फाइली लागतात, आणखी कुठे वाचावे, चूक झाली तर काय संदेश येतो. आणि शेवटी एक मथळा असायचा, दोष. या आज्ञेत काय बिघाड आहे, ती कुठे फसते, हे तिथे सरळ लिहिलेले असे. त्याखाली ती कोणाच्या जबाबदारीत आहे, तेही. आपण गटाच्या हिशेबाची पद्धत लिहिताना हा दोषांचा मथळा जरूर ठेवावा. "महिना संपताना व्याजाचा रकाना एकदा वहीशी ताडून बघा, नवीन सभासद आली की तो चुकतो," एवढी एक ओळ पुढच्या सचिवेचा आठवडा वाचवते.

आता खुणांकडे येऊ. आज्ञेतले काही शब्द जसेच्या तसे टाइप करायचे असतात. काही शब्दांच्या जागी आपली माहिती भरायची असते. वाचणाऱ्याला हा फरक कळलाच पाहिजे. १९७१ च्या पुस्तिकेत, अधोरेखित शब्द जसाच्या तसा लिहायचा, असे सुरुवातीलाच सांगितले होते. चौकोनी कंसात ([ ]) असेल ते ऐच्छिक, लिहिले तरी चालते, नाही तरी चालते. तीन टिंबे (...) म्हणजे आधीची गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिता येते.

आजच्या लिनक्सच्या पुस्तिकांत थोडे वेगळे आहे. ठळक अक्षर म्हणजे जसेच्या तसे, आणि तिरपे अक्षर म्हणजे इथे तुमची माहिती. पडद्यावर तिरपे अक्षर दिसत नसेल तर त्याच्या जागी अधोरेखा येते. म्हणजे गंमत बघा, पूर्वी अधोरेखेचा अर्थ होता "असेच लिहा", आता अर्थ झाला "हे बदलून लिहा". तरी दोन्ही पुस्तिका नीट चालल्या. कारण खूण कोणती हे महत्त्वाचे नाही. ती आधी सांगितली आहे का आणि शेवटपर्यंत पाळली आहे का, हे महत्त्वाचे आहे.

दिसणे नव्हे, असणे

२००४ साली जॉन ग्रुबर यांनी मार्कडाउन नावाची लिहिण्याची एक सोपी रीत काढली. ॲरन स्वार्ट्झ यांची त्यात मदत होती. आज मुक्त सॉफ्टवेअरच्या असंख्य पुस्तिका याच रीतीने लिहितात. साध्या मजकुरातच खुणा करायच्या. ओळीच्या सुरुवातीला आडव्या-उभ्या रेघांची जाळी (#) म्हणजे मथळा. दोन जाळ्या (##) म्हणजे उपमथळा. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन चांदण्या () म्हणजे ठळक. उलटा स्वल्पविरामासारखा तिरका टिपका (`) दोन्ही बाजूंना असेल, तर तो मजकूर कॉम्प्युटरला द्यायचा आहे, जसाच्या तसा.

यात शिकण्यासारखे एक आहे. इथे लिहिणारी अक्षर मोठे कर, रंग लाल कर, असे सांगत नाही. ती सांगते, हा मथळा आहे, ही आज्ञा आहे. दिसायचे कसे ते नंतर ठरते.

हा फरक कशासाठी? ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्या मैत्रिणींसाठी, एक कारण तर हेच. पडदा वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरे असतात. एनव्हीडीए हे त्यांतले एक, तेही मुक्त. मजकूर बोलून दाखवणारे ईस्पीक एनजी हे मुक्त सॉफ्टवेअर मराठीतही बोलते. वेब पानावर एनव्हीडीए वापरणारी बाई इंग्रजी एच अक्षराची कळ दाबून एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी मारते. पण लिहिणारीने मथळा म्हणून खूण न करता नुसते अक्षर मोठे आणि ठळक केले असेल, तर यंत्राला तो मथळा कळतच नाही. मग तिला सगळे पान पहिल्यापासून ऐकावे लागते.

म्हणून मथळ्यांची पायरी चुकवायची नाही. मोठ्या मथळ्याखाली उपमथळा, त्याखाली त्याहून लहान. मधली पायरी गाळून उडी नको. दुव्यावर "इथे क्लिक करा" लिहायचे नाही, "कर्ज नोंदवहीचा नमुना" असे लिहायचे, म्हणजे ऐकणारीला कळते की दुवा कशाचा आहे. चित्र टाकले तर त्यात काय आहे ते एका ओळीत लिहायचे. आणि आज्ञा किंवा सूत्र यांचा फोटो कधीही टाकायचा नाही. फोटोतले अक्षर सहज उचलून चिकटवता येत नाही, यंत्राला सहज वाचता येत नाही, आणि त्याचे भाषांतरही सहज करता येत नाही.

पडद्यावर जे आहे तेच कागदावर

लिब्रेऑफिसच्या पुस्तिका उघडून बघा. मेनूतून कुठे जायचे हे बाणासारख्या चिन्हाने (>) दाखवलेले असते. म्हणजे "वर डावीकडे फाइल असे लिहिलेले आहे, त्यावर दाबले की एक यादी उघडेल, त्या यादीत सेव्ह ॲज शोधा," एवढे सगळे न लिहिता फक्त लिहायचे : फाइल > सेव्ह ॲज निवडा. मेनूची नावे ठळक असतात. पडद्यावर असलेला शब्द कोणता आणि आपला कोणता, हे त्यामुळे वेगळे ओळखता येते.

पडद्यावरचा शब्द जसा आहे तसाच द्यायचा. तुमच्या कॉम्प्युटरवर मेनू इंग्रजीत असेल तर पुस्तिकेतही तोच शब्द. मराठीत असेल तर मराठीतला, अगदी त्याच ऱ्हस्व-दीर्घासह. आपल्याला दुसरा शब्द जास्त गोड वाटतो म्हणून तो घालायचा नाही. वाचणारी पडद्यावर शब्द शोधत असते, अर्थ शोधत नसते.

या पुस्तिकांत सूचनांच्या चौकटीही ठरलेल्या आहेत. एक युक्तीची, काम सोपे करणारी. एक टीपेची, जास्तीची माहिती देणारी. एक सावधगिरीची, जिथे काम बिघडू शकते किंवा माहिती जाऊ शकते तिथे लावायची. या तिन्हींची सरमिसळ करायची नाही. प्रत्येक साध्या गोष्टीला "सावधान" लिहिले, तर खऱ्या धोक्याच्या वेळी कोणी लक्ष देत नाही. लांडगा आला रे आला, तसे होते.

सावधगिरीची चौकट पायरीच्या आधी हवी, नंतर नको. "जुनी फाइल काढून टाका" ही पाचवी पायरी, आणि तिच्या खाली "काढण्याआधी प्रत घेतली आहे ना, ते बघा" ही चौकट, याचा उपयोग काय? वाचणारी एकेक ओळ वाचून करत जाते. चौकटीपर्यंत पोचेपर्यंत वर्षभराचा हिशेब गेलेला असतो.

आणखी एक चांगली रीत तिथे आहे. ॲपलच्या कॉम्प्युटरवर काही कळांची आणि मेनूंची नावे वेगळी असतात. प्रत्येक पायरीत "विंडोज असेल तर हे, ॲपल असेल तर ते" असे लिहीत बसत नाहीत. पुस्तिकेच्या सुरुवातीला एक छोटा तक्ता देतात, कशाच्या जागी काय वापरायचे त्याचा. गटातल्या कोणाकडे वेगळे यंत्र असेल तर आपणही तेच करावे.

पायऱ्या कशा लिहायच्या

इथे मोठ्या मुक्त प्रकल्पांच्या लेखनाच्या नियमावल्या कामाला येतात. कुबरनेटिस हे मोठमोठे सर्व्हर चालवण्यासाठी वापरले जाणारे मुक्त सॉफ्टवेअर आहे. आपला त्याच्याशी संबंध यायचा नाही. पण त्याची पुस्तिका लिहिणाऱ्यांसाठी केलेली नियमावली सगळ्यांना वाचायला खुली आहे, आणि तिच्यातले बरेच नियम आपल्याला जसेच्या तसे चालतात.

पहिली गोष्ट, भरायची जागा. तिथे कोनी कंसात (< >) शब्द लिहितात, आणि त्या शब्दाचा अर्थ काय तेही सांगतात. उदाहरणार्थ, फाइलचे नाव असे द्या : <गटाचे नाव>-<महिना>-<वर्ष>. आणि लगेच खाली लिहायचे, कोनी कंस टाइप करू नका, त्यांच्या जागी तुमची माहिती लिहा. सावित्री गटाची जूनची फाइल असेल तर नाव होईल : सावित्री-जून-२०२४. आपण अर्जावर "अर्जदाराचे नाव" या छापील शब्दांच्या पुढे आपले नाव लिहितो, कारण अर्ज भरायची सवय आहे. कॉम्प्युटरपुढे नवी बसलेली बाई मात्र कंसासकट सगळे टाइप करते. दोष तिचा नाही. तिला खुणेचा अर्थ सांगितलेला नसतो.

दुसरी गोष्ट, आपण काय टाइप करायचे आणि उत्तरादाखल कॉम्प्युटर काय दाखवेल, हे वेगवेगळे लिहायचे. दोन्ही एकाच चौकटीत असले तर वाचणारी दोन्ही टाइप करते.

तिसरी गोष्ट अवतरण चिन्हांची. कॅल्कच्या सूत्रात शब्द लिहायचा झाला तर तो सरळ दुहेरी अवतरणात (") लिहावा लागतो. पण पत्र लिहायचे सॉफ्टवेअर त्या सरळ चिन्हांची आपोआप वळणदार चिन्हे (“ ”) करते. छपाईत ती सुंदर दिसतात, सूत्रात मात्र चालत नाहीत. म्हणून सूत्र नेहमी आज्ञेच्या खुणेत लिहायचे, तिथे चिन्हे आहेत तशीच राहतात.

चौथी गोष्ट क्रमांकांची. ज्या गोष्टी क्रमानेच करायच्या, त्यांना आकडे. ज्यांचा क्रम कसाही चालतो, त्यांना टिंबे. एका पायरीत एकच काम. आणि अट आधी, कृती नंतर. "बेरीज वहीशी जुळत नसेल, तर फाइल बंद करू नका." उलटे लिहिले, तर "फाइल बंद करू नका" हे वाचून बाई थबकते आणि बाकीचे वाचायचेच राहून जाते.

जागाही आधी सांगायची. "जमा या रकान्यात आजची बचत लिहा." आधी हात कुठे न्यायचा ते, मग काय करायचे ते.

तारखेचेही तसेच. ०३/०४/२०२४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, पण अमेरिकेच्या पद्धतीने तो ४ मार्च होतो. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकेची असेल तर तोही मार्चच समजतो, आणि आपले आर्थिक वर्षच बदलते. म्हणून पुस्तिकेत महिना अक्षरांत लिहायचा.

बोलायचे कसे

त्याच नियमावलीत भाषेबद्दलही लिहिले आहे. वाचणाऱ्याला "तुम्ही" म्हणा. वर्तमानकाळात लिहा. इंग्रजीतला "वुई" टाळा, कारण त्यात वाचणारा धरला आहे की नाही हे कळत नाही. इथे आपली मराठी पुढे आहे. आपल्याकडे "आम्ही" म्हणजे तुम्हाला सोडून आणि "आपण" म्हणजे तुम्हाला धरून. तरी पुस्तिकेत तेही नको. "आता आपण फाइल उघडू" असे वाचून बाई वाट बघते, कोण उघडणार? "फाइल उघडा" म्हणा. रेडिओवर गप्पा मारताना आपण म्हणणे शोभते, पायरी लिहिताना नाही.

आणि एक फार चांगला नियम. "फक्त", "नुसते", "सोपे आहे", "सहज होते" हे शब्द टाळा. लिहिणारीला सोपे असते म्हणून ती लिहिते, "फक्त हे बटण दाबा." वाचणारीला ते बटण सापडत नाही. मग तिला वाटते, एवढे सोपे असून मला जमत नाही, म्हणजे मीच अडाणी. ती पुन्हा कॉम्प्युटरला हात लावत नाही. एका शब्दाने एक बाई गटाच्या हिशेबातून बाहेर पडते. हे आम्ही बैठकांमधून पाहिले आहे.

मराठीत लिहिताना

इंग्रजीतले सगळे संकेत मराठीत जसेच्या तसे येत नाहीत. इंग्रजीत भरायची जागा मोठ्या अक्षरांत लिहायची एक रीत आहे. आपल्या लिपीत मोठे आणि लहान अक्षर असा भेदच नाही. तिरप्या अक्षराचेही तसेच. देवनागरीच्या पुष्कळ टाइपांत खरे तिरपे अक्षर नसते, कॉम्प्युटर उभे अक्षरच ओढून तिरके करतो. लहान पडद्यावर ते वाचायला त्रास होतो. म्हणून मराठी पुस्तिकेत भरायच्या जागेला कोनी कंस आणि पडद्यावरच्या शब्दाला ठळक अक्षर, एवढ्या दोनच खुणा ठेवाव्यात. त्या पुरतात.

दुसरे म्हणजे, एका गोष्टीला एकच शब्द. एका ओळीत फाइल, दुसऱ्या ओळीत धारिका, तिसऱ्या ओळीत संचिका, असे नको. शाळेच्या निबंधात एकच शब्द पुन्हा आला की बाई गुण कापायच्या. पुस्तिकेत उलट आहे. शब्द बदलला की वाचणारीला वाटते, ही वेगळी वस्तू असेल. ज्या गोष्टीला आपण रोज जो शब्द वापरतो तोच घ्या आणि तोच ठेवा. कळांची नावे मात्र कळेवर जी छापलेली आहेत ती.

आता करायचे काय?

प्रत्येक गटाने एक पानाची पुस्तिका करावी. मोठी नको. विषय तीनच. महिन्याची फाइल कशी उघडायची, बचत आणि कर्जफेड कशी नोंदवायची, आणि फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर कशी घ्यायची. वरच्या बाजूला दोन ओळींत खुणांचा अर्थ. खालच्या बाजूला दोषांचा मथळा, लिहिणारीचे नाव आणि तारीख. तारीख यासाठी की सॉफ्टवेअर बदलले तर पान जुने झाले हे कळावे.

मग त्याची परीक्षा घ्यायची. ज्या बाईने कॉम्प्युटर फारसा हाताळलेला नाही तिला ते पान द्या आणि काम करू द्या. सरावासाठी खऱ्या फाइलची प्रत द्या, खरी फाइल नको. लिहिणारीने शेजारी बसायचे, पण बोलायचे नाही. ती कुठे थांबते, कुठे मागे वळून बघते, तिथे पेन्सिलने खूण करायची. ती जिथे अडली, तिथे लिखाण अडले असे समजायचे. ती ओळ बदलायची. आमच्या गटांत ही परीक्षा आता महिन्याच्या बैठकीतच होते, चहा होईपर्यंत उरकते.

आणि ज्या मुली शिकलेल्या आहेत, ज्यांना इंग्रजी वाचता येते आणि मराठी नीट लिहिता येते, त्यांना आमचे एक सांगणे आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या पुस्तिका आणि भाषांतरे लिहायला प्रोग्रामर असावे लागत नाही. नीट वाचणारी, नीट लिहिणारी माणसे तिथे नेहमीच हवी असतात. सुरुवात एखाद्या चुकलेल्या शब्दापासून, तुटलेल्या दुव्यापासून करता येते. पगार मिळत नाही, पण कामाची नोंद आपल्या नावाने राहते, आणि पुढे नोकरी मागताना दाखवायला हाताशी काही असते.

पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे असे आपण म्हणतो. लेखे नियमित राहायचे, तर ते ठेवायची रीत एकीच्या डोक्यात असून चालणार नाही. ती कागदावर हवी, आणि कोणालाही वाचून करता येईल अशी हवी. या महिन्याच्या बैठकीत ते एक पान लिहायला घ्या. पुढच्या बैठकीला दुसरीच्या हातात द्या.